लाल टोपी, नारिंगी टोपी: वॉर्डात इन्सुलिन देताना

नवीन नर्स पोरींच्या हातात मी पहिल्याच दिवशी इन्सुलिनची बाटली देते. "काय लिहिलंय वाच." बहुतेक जणी कंपनीचं नाव वाचतात. वाचायचा असतो तो आकडा: एका मिलिलिटरला ४० युनिट की १००?

४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटला २५ युनिट जातात. उलट केलं तर फक्त ४.

हे उलटं माझ्या हातून झालंय. तेव्हा मी नागपुरातच एका खाजगी दवाखान्यात होते. लाल टोपीच्या सिरिंज संपल्या होत्या, म्हणून नारिंगी वापरली. पुढच्या पाळीनेही तेच केलं. शुगर उतरेना, म्हणून डॉक्टरांनी डोस १२ वरून २० वर नेला. तिसऱ्या रात्री लाल टोपीच्या सिरिंज आल्या आणि पूर्ण २० युनिट गेले. पहाटे मावशीने आवाज दिला, "सिस्टर, बाबा घामाने भिजले." शुगर ४८, म्हणजे फारच कमी. बाबा शुद्धीवर होते, साखरपाण्यावर निभावलं. मी लिहायला बसले तर इन्चार्ज म्हणाल्या, "काहून लिहितेस? निस्तरलं ना?"

तर आता माझी पद्धत. आधी ऑर्डर. त्यात युनिटऐवजी नुसता इंग्रजी 'यू' असेल तर डॉक्टरांना फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तो 'यू' शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. डोस भरल्यावर दुसरीला दाखवा, पण "बारा आहे ना?" असं विचारू नका. ती हो म्हणणारच. "किती दिसतंय?" विचारा, बाटलीही तिच्याच हातात द्या. पेशंटचंही तसंच. "मेश्राम काका तुम्हीच ना?" म्हटलं की ऐकू न येणारे काकाही मान हलवतात. (आमच्या वॉर्डात एका वेळी तीन मेश्राम होते.) पूर्ण नाव त्यांनाच सांगू द्या, मग मनगटावरच्या पट्टीशी जुळवा. जेवणाआधीचं इन्सुलिन असेल तर डबा आलाय का ते बघा. "निघालाय" म्हणजे आला नव्हे.

उन्हाळ्यात आणखी एक. भंडाऱ्याहून एसटीने पिशवीत आणलेली बाटली वापरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बर्फाला चिकटून गोठलेलीही फेकाच.

चूक झाली किंवा होता होता राहिली, तर त्याच पाळीत लिहा: काय झालं, किती वाजता, ट्रॉलीत काय होतं. आणि इन्चार्ज असाल तर आधी "पेशंट कसा आहे?" विचारा, "कोणी केलं?" नको. दोन वर्षांपूर्वी कामाच्या अकराव्या दिवशीच एका पोरीने रडत रडत असा चूक कळवायचा फॉर्म भरला होता. तेव्हापासून आमच्याकडे नारिंगी टोपीच्या सिरिंज ट्रॉलीत नसतात, माझ्या कपाटात असतात. लागली तर मागून न्यावी लागते.