चाळीस टक्के, पण कशाचे?

मोटार अपघाताच्या भरपाईसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा अर्ज कसा लिहायचा, सरला वर्मा निकालातला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा) कुठल्या वयाला कोणता, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर दोन दुपारी पुरेत. मी जिथे आपटले ती जागा पुस्तकात आहे, पण तिथे पाटी लावलेली नाही.

माझा अर्जदार हळदीच्या पेठेतला हमाल, वय ३४. सायकलवरून घरी जाताना टेम्पोनं मागून उडवलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, पाय आखूड पडला. अपंगत्वाचा दाखला आला, ४० टक्के, कायमचं. मी खूश झाले, हे लिहिताना आज लाज वाटते. अर्जात ४०, सरतपासाच्या शपथपत्रात, म्हणजे अर्जदाराच्या लेखी साक्षीत, ४०. दाखल्यात पुढे 'उजव्या पायाच्या संदर्भात' असे शब्द होते. वाचले होते, थांबले नव्हते.

डॉक्टरांना समन्स काढायची वेळ आली तेव्हा विमा कंपनीचे वकील अगदी प्रेमानं म्हणाले, "दाखल्याला आमची हरकत नाही, निशाणी द्या." म्हणजे डॉक्टरांच्या साक्षीशिवायच तो पुराव्यात घ्या. माझे सीनियर कानात म्हणाले, "सुटलीस! डॉक्टर आणायची कटकट वाचली." मी पुरावा बंद केल्याची पुरसीस (कोर्टाला द्यायची लेखी सूचना) त्याच दिवशी दिली.

युक्तिवादाला तेच वकील उठले. दाखला मान्यच आहे, म्हणाले, पण तो एका पायाचा आहे, संपूर्ण शरीराचा नाही. आणि अर्जदाराला हमाली जमत नाही, असं सांगणारा साक्षीदार कुठे आहे? तो नव्हताच. न्यायाधिकरणानं १३ टक्के धरले.

हे नीट समजून घ्या, मी दोनदा सांगणार आहे. टक्के तीन असतात: त्या अवयवाचे, संपूर्ण शरीराचे आणि कमाईचे. भरपाई तिसऱ्यावर ठरते. दाखल्यावर बहुतेकदा पहिला असतो. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे हातावरून समजावलंय. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. हात तोच, टक्के वेगळे.

आता आकडे बघा. कमाई महिना १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. स्वतः कमावणारा, चाळिशीच्या आतला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले की २,०१,६००. गुणक १६, म्हणजे ३२,२५,६००. (जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट करायची नसते. मी पहिल्या तक्त्यात तीही केली होती.) याचे १३ टक्के ४,१९,३२८. माझे लाडके ४० टक्के धरले असते तर १२,९०,२४०. आणि हमालाची हमालीच गेली असं सिद्ध झालं असतं, तर वाद त्याच्याही वर कुठेतरी सुरू झाला असता. शंभर मिळाले असते असं मी म्हणत नाही. तो आता एका अडत्याकडे काट्याजवळ बसून पोती मोजतो, थोडंफार कमावतो. पण १३ नक्कीच नव्हते.

म्हणून पुन्हा सांगते: भरपाई कमाईच्या टक्क्यांवर ठरते, तेव्हा समोरच्यानं दाखला मान्य केला तरी डॉक्टर आणा. शक्यतो ज्यांनी उपचार केले तेच. सिव्हिलच्या गेटवर फिरणारे एजंट 'हवे तेवढे टक्के' लिहून देणारा डॉक्टर सुचवतील. त्या वाटेला जाऊ नका. अशा तयार दाखल्यांबद्दल राजकुमार निकालातच इशारा आहे, आणि असा डॉक्टर उलटतपासात दहा मिनिटं टिकत नाही. दाव्याच्या रकमेच्या टक्केवारीवर फी ठरवणाऱ्या वकिलांपासूनही लांब राहा. सगळेच घेतात म्हणतात. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला मनाई आहे, एवढं मला पुरतं.

हमालाच्या बाबतीत आणखी एक पुरावा माझ्या नाकासमोर होता. माथाडी मंडळाकडे (हमालांची नोंद आणि मजुरी सांभाळणारं मंडळ) नोंद असेल तर मजुरीचा उतारा मिळतो. टोळीच्या मुकादमाला पिंजऱ्यात उभं केलं तर आधी हा माणूस दिवसाला किती पोती वाहायचा ते तो सांगतो. मी दोन्ही केलं नाही. सीनियरनी सुचवलं नाही म्हणून आधी त्यांच्यावर रागावले होते. आता वाटतं, फाईल माझ्या हातात होती. सीनियरकडून कोर्टात उभं कसं राहायचं ते शिकावं, दाखला स्वतः वाचावा.

घाबरू मात्र नका. टेम्पोवाल्याच्या लायसनवर ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही, असं विमा कंपनीच्या कैफियतीत (लेखी उत्तरात) वाचून मी रात्रभर जागले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांपुरता तो प्रश्न निकालात काढलाय, तिथे वेगळा शिक्का लागत नाही. दाखला यायला वेळ लागतोय म्हणून अर्ज अडवू नका. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आलीय, दाखला मागाहून दाखल करता येतो. आणि निकाल कमी आला तरी कलम १७३ चं अपील आहे, ९० दिवसांत.

आमचं अपील आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे आहे. जादा पुराव्याच्या अर्जासाठी मी परवा डॉक्टरांकडे गेले. उकिडवं बसता येईल का, पाठीवर पन्नास किलो घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढता येईल का, पुढे सुधारणा होईल का, संपूर्ण शरीराचे टक्के किती, एवढंच विचारलं. ते पाच मिनिटांत सगळं बोलले. मग चष्मा काढून म्हणाले, "तेव्हा मला बोलावलं का नाही?" त्यांची ओपीडी दोनला संपते, त्यानंतर गेलं की निवांत भेटतात.