टीव्हीला मॉनिटर बनवताना या चुका टाळा

मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये वेगळं कॉम्प्युटर टेबल आणि त्यावर वेगळा मॉनिटर ठेवायला जागा कुठून आणायची? हॉलच्या भिंतीवर टीव्ही आहेच, त्यालाच सीपीयू जोडून गेम खेळायचा हा विचार अगदी रास्त आहे. पण जोडल्यावर तक्रारी सुरू होतात. माउस जड वाटतो, अक्षरं पुसट दिसतात, टास्कबार अर्धा कापला जातो. मग नव्या ग्राफिक्स कार्डाची चौकशी सुरू होते. थांबा. बहुतेक वेळा कार्ड ठीक असतं; आपल्याला कॉम्प्युटर जोडलाय हे टीव्हीला कुणी सांगितलेलं नसतं.

गेम मोड बंद ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. टीव्ही मालिका, सिनेमे आणि क्रिकेट दाखवण्यासाठी बनलेला असतो, त्यामुळे आलेलं चित्र तो आहे तसं दाखवत नाही. कडा ठळक करतो, दाणे काढतो, मधल्या फ्रेम स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करतो. या सगळ्याला वेळ लागतो. गेम मोड ही टीव्हीतली सेटिंग यातलं बरंचसं काम बंद करते. सिनेमा बघताना तो कळत नाही, कारण टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. गेममध्ये मात्र क्लिक केल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा उशीर थेट हाताला जाणवतो. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. गेम मोड नसेल तर अनेक टीव्ही १०० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर करतात, म्हणजे तुम्ही सहा फ्रेम जुनं चित्र बघून नेम धरत असता. चांगल्या टीव्हीवर गेम मोड लावला की हाच उशीर १० ते २० मिलिसेकंदांवर येतो.

एक गोष्ट हमखास राहून जाते. बऱ्याच टीव्हींमध्ये ही सेटिंग प्रत्येक एचडीएमआय पोर्टची वेगळी असते. सेट-टॉप बॉक्सच्या पोर्टवर गेम मोड लावला म्हणून कॉम्प्युटरच्या पोर्टवर तो लागलेला असेलच असं नाही.

पुसट अक्षरं, कापलेल्या कडा

कडा कापल्या जाणं म्हणजे ओव्हरस्कॅन. टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडेचा भाग बाहेर ढकलतो आणि त्यात अक्षरांची धारही जाते. पिक्चर साइजमध्ये जाऊन एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’ असा पर्याय शोधा. मग इनपुटच्या यादीत त्या पोर्टचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करा. हे दिसायला नुसतं नाव असलं तरी अनेक टीव्ही त्यानंतरच रंगांची पूर्ण माहिती दाखवतात. नाहीतर लाल-निळी अक्षरं फिसकटलेली दिसतात.

३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही असेल तर आशा बेताचीच ठेवा. त्याचं पॅनल बहुधा १३६६ बाय ७६८ असतं. तो १९२० बाय १०८० चा सिग्नल घेतो खरा, पण आवळून दाखवतो, आणि त्यावर टीव्हीतली कुठलीही सेटिंग चालत नाही. विंडोजमध्ये टीव्हीचं मूळ रिझोल्यूशन निवडता येत असेल तर तेच ठेवा. कार्डावरचा भारही कमी होतो.

केबल आणि पोर्ट

केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर महागडं ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून राहतं. सीपीयूच्या मागे खालच्या बाजूला आडवे पोर्ट असतात, ते कार्डाचे.

फोर-के टीव्हीवर माउस अडखळत असेल तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते, बघा. तिथे ३० हर्ट्झ दिसले तर कारण तिथेच सापडलं. एचडीएमआयची १.४ आवृत्ती फोर-केला ३० हर्ट्झच देते, ६० साठी २.० लागते, १२० साठी २.१. टीव्हीत त्या पोर्टचा ‘डीप कलर’ किंवा ‘एन्हान्स्ड’ पर्यायही चालू करावा लागतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल घेताना सोनेरी टोकं बघू नका. १२० हर्ट्झ हवे असतील तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेली मागा आणि लांबी गरजेपुरतीच घ्या.

काळा रंग राखाडी दिसत असेल तर कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आणि टीव्हीत आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पातळी (‘फुल’ किंवा ‘लिमिटेड’), सारखी करा. ओलेड टीव्ही असेल तर टास्कबार लपवा. तासन्‌तास एकाच जागी राहिलेलं चित्र पॅनलवर कायमचं उमटू शकतं.

नवा टीव्ही घेणार असाल तर खोक्यावरच्या ‘मोशन रेट’ या जाहिरातीच्या आकड्याला भुलू नका, पॅनलचे खरे हर्ट्झ विचारा. दुकानातला डेमो व्हिडिओ तर कुठल्याही टीव्हीवर सुंदर दिसतो. आपला लॅपटॉप सोबत न्या, जोडा, निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं उघडा आणि टेबलाएवढ्या अंतरावरून वाचून बघा.