या औषधाने गुण येतो का? पुरावा तपासण्याची पद्धत

एखाद्या उपचाराबद्दल शोध घेतला की ‘फायदा होतो’ म्हणणारे शोधनिबंध सापडतात आणि ‘होत नाही’ म्हणणारेही. त्यातला मनाला पटणारा उचलून मोकळं होणं सोपं असतं. ते टाळायचं तर कामाचा क्रम पक्का हवा: आधी प्रश्न, मग कुठल्या चाचण्या धरायच्या याचे नियम, मग शोध, आणि निकाल सर्वांत शेवटी. प्रश्न आणि नियम कागदावर उतरवल्याशिवाय एकही निकाल वाचू नका. निकाल डोळ्यांखालून गेल्यावर नियम आपोआप त्याच्या सोयीचे बनतात.

१. प्रश्नाचे चार भाग पाडा

कोणाला, काय दिलं, कशाच्या तुलनेत, आणि काय मोजलं. ‘व्यायामाने गुडघेदुखी थांबते का?’ हा प्रश्न असा तपासता येत नाही. ‘गुडघ्याची झीज झालेल्या पन्नाशीपुढच्या लोकांना १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला, तर नुसतं माहितीपत्रक मिळालेल्यांपेक्षा सहा महिन्यांनी त्यांचं दुखणं कमी असतं का?’ हा तपासता येतो.

तिसऱ्या भागाकडे सहसा दुर्लक्ष होतं. नवं औषध प्लासिबोपेक्षा (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) सरस ठरलं म्हणजे ते आजच्या चांगल्या औषधापेक्षा सरस ठरलं असं नाही. जुन्या औषधाचा डोस कमी ठेवून नव्याशी तुलना केलेलीही आढळते, म्हणून तुलनेतल्या औषधाचा डोसही टिपून ठेवा.

सर्वांत मोठी फसगत चौथ्या भागात होते. रुग्णाला जाणवणारी गोष्ट मोजली की प्रयोगशाळेतला आकडा? हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्या रुग्णांना मृत्यूचा धोका जास्त असतो, म्हणून ते ठोके दाबणारी औषधं देण्याची पद्धत होती. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड ही त्यातली दोन. ‘कास्ट’ या चाचणीत त्यांची प्लासिबोशी तुलना झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबोवरच्या ७४३ पैकी २६. ठोके दबले होते, माणसं मात्र जास्त गेली. रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, हाडांची घनता, गाठीचा आकार यांतला आकडा सुधारला एवढ्यावर कधीही थांबू नका.

२. शोध घ्या, आणि छापून न आलेलंही शोधा

आधी पद्धतशीर आढावा शोधा, म्हणजे ठरलेल्या नियमांनी सगळ्या चाचण्या गोळा करून तपासणारा लेख. अशा आढाव्यांचा संग्रह असलेल्या कॉक्रेन लायब्ररीपासून सुरुवात करा. वैद्यकीय शोधनिबंधांची सूची असलेल्या पबमेडमध्येही ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ असा फिल्टर आहे. आढाव्यात पहिल्यांदा पाहायची ती शोधाची शेवटची तारीख. प्रकाशनाचं वर्ष नवं असलं तरी शोध त्याच्या दोन वर्षं आधी थांबलेला असू शकतो. त्यानंतरच्या चाचण्या तुम्हालाच शोधाव्या लागतील.

मग चाचण्यांच्या नोंदवह्या उघडा, म्हणजे कुठली चाचणी कशी होणार आणि तीत काय मोजणार हे जिथे नोंदवतात त्या याद्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर अनेक देशांतल्या चाचण्यांच्या नोंदी एकत्र शोधता येतात. चाचणी पूर्ण होऊन बरीच वर्षं झाली आणि निकाल कुठेच नाही, असं दिसलं तर तशी नोंद करा. हे किती महागात पडतं, ते नैराश्यावरच्या औषधांच्या उदाहरणात दिसतं. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या ७४ अभ्यासांचा माग २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीने काढला. नियामकाच्या मते अनुकूल असलेल्या ३८ पैकी ३७ छापून आले होते. उरलेल्या ३६ पैकी २२ छापलेच गेले नाहीत आणि ११ अनुकूल वाटतील अशा रीतीने छापले गेले. फक्त नियतकालिकं वाचणाऱ्याला ९४ टक्के अभ्यास अनुकूल दिसत होते; खरं प्रमाण ५१ टक्के होतं.

उलट चूकही होते: एकच चाचणी दोनदा मोजली जाते. उलटीवरच्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाच्या १९९७ च्या तपासणीत २८ टक्के रुग्णांची माहिती दुबार छापलेली निघाली, आणि त्यामुळे औषधाचा परिणाम २३ टक्क्यांनी फुगलेला दिसत होता. शोधनिबंध मोजू नका, चाचण्या मोजा. नोंदणी क्रमांक, केंद्रांची नावं, रुग्णसंख्या आणि तारखा जुळल्या तर ती एकच चाचणी समजा. निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही त्याच वेळी पाहा.

३. प्रत्येक चाचणीची झडती घ्या

गटवाटणी नशिबावर सोडलेली होती का, हा पहिला प्रश्न. स्वतःहून उपचार घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळे असतात. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असं नुसत्या निरीक्षणाच्या अभ्यासांत दिसत होतं. १६,६०८ स्त्रियांच्या चाचणीत गट चिठ्ठीसारखे पाडले, तेव्हा हृदयविकार कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला, स्तनाचा कर्करोगही वाढला, आणि २००२ मध्ये ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. आधीच्या अभ्यासांतल्या हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांची तब्येत, शिक्षण आणि ऐपत मुळात बरी होती.

‘रँडम’ हा शब्द वाचून समाधान मानू नका. वाटणी कशी केली ते वाचा. एक दिवस हे औषध, दुसऱ्या दिवशी ते, किंवा केसपेपरचा क्रमांक सम की विषम, या पद्धतींत पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरला आधीच कळतं, आणि मग नाजूक रुग्ण नकळत एका बाजूला सरकवले जातात. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत यासाठी बंद पाकिटं वापरली होती.

कोण कुठल्या गटात हे रुग्णाला आणि मोजणाऱ्याला माहीत होतं का? मृत्यू मोजायचा असेल तर फारसं बिघडत नाही, पण वेदना, झोप, थकवा मोजायचे असतील तर सगळंच बिघडतं.

पुढे गळती. सुरुवातीला किती जण होते आणि शेवटी किती मोजले, ते आकडे शोधा. दोन गटांतल्या परिणामात ३ टक्क्यांचा फरक आणि गळती १२ टक्क्यांची, असं असेल तर गळालेल्यांच्या बाबतीत काय झालं यावर अख्खा निकाल फिरू शकतो. औषध मधेच सोडलेले लोकही मूळ गटातच मोजायला हवेत. शेवटी, नोंदवहीत लिहिलेला मुख्य परिणाम आणि शोधनिबंधातला मुख्य परिणाम शेजारी ठेवून पाहा. तो बदललेला असेल आणि कारण दिलेलं नसेल, तर मी तरी त्या निकालावर फार भार टाकणार नाही.

४. टक्क्यांचे माणसांत रूपांतर करा

‘धोका एकपंचमांशाने घटला’ हे वाक्य अर्धवट आहे. आधी धोका किती होता? हार्ट अटॅकमध्ये अॅस्पिरिन तपासणाऱ्या १९८८ च्या ‘आयसिस-२’ या चाचणीत पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणांनी ११.८ टक्क्यांऐवजी ९.४ टक्के रुग्ण दगावले. मूळ, पूर्णांकित न केलेल्या आकड्यांतला फरक सुमारे २.४५ टक्क्यांचा. शंभराला त्याने भागलं की सुमारे ४१ येतात: एवढ्या जणांना अॅस्पिरिन दिलं की एक मृत्यू टळतो. आता समजा, धोका मुळातच हजारात दोन आहे आणि तोही एकपंचमांशानेच घटला. तर एक मृत्यू टाळायला २,५०० जणांना औषध द्यावं लागेल. जाहिरातीत दोन्हीकडे ‘२० टक्के घट’ असंच छापलं जाईल.

आकड्याशेजारी कंसात जी कक्षा असते, म्हणजे खरा आकडा साधारण ज्या दोन टोकांमध्ये असावा ती, ती आकड्याइतकीच महत्त्वाची. सापेक्ष धोका (औषध घेणाऱ्यांचा धोका भागिले न घेणाऱ्यांचा) ०.७०, कक्षा ०.४५ ते १.१० असेल तर धोका ५५ टक्क्यांनी कमी होण्यापासून १० टक्क्यांनी वाढण्यापर्यंत काहीही खरं असू शकतं. याला ‘औषधाचा उपयोग नाही’ असं म्हणता येत नाही. चाचणी लहान पडली, एवढंच.

५. एकत्रित आलेख वाचा

आढाव्यातल्या आलेखात प्रत्येक चाचणीसाठी एक चौकोन, त्यातून जाणारी आडवी रेघ म्हणजे कक्षा, आणि तळाला सगळ्यांचा मिळून एक हिरा असतो. मधली उभी रेघ म्हणजे ‘फरक नाही’. हिऱ्याकडे धावण्याआधी चौकोन पाहा. ते दोन दिशांना विखुरलेले असतील तर त्यांची सरासरी कुणालाच लागू पडत नाही. मग डोस, आजाराची तीव्रता किंवा चाचणीचा दर्जा यांत कारण शोधा. लहान चाचण्यांत मोठा फायदा आणि मोठ्यांत नगण्य, असं दिसलं तर लहान नकारात्मक चाचण्या कपाटात पडून असाव्यात अशी शंका घ्या.

उपगटांपासून जपून राहा. ‘आयसिस-२’च्या संशोधकांनी रुग्णांची मुद्दाम राशींनुसार विभागणी केली, तर मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अॅस्पिरिनचा तोटाच होतो असं दिसलं! पुरेसे तुकडे पाडले की कुठे ना कुठे असं काही निघतंच.

६. अपाय वेगळा मोजा

चाचण्या फायदा मोजण्याच्या बेताने आखतात, त्यामुळे दुर्मीळ अपाय त्यांतून निसटतात. ३०० जणांत एकालाही त्रास झाला नाही, याचा अर्थ धोका शून्य नव्हे. तो शंभरात एकापर्यंतही असू शकतो. नियम सोपा आहे: ३ ला रुग्णसंख्येने भागा. दुर्मीळ अपायांसाठी मोठे निरीक्षण अभ्यास आणि नियामकांचे इशारे पाहावेच लागतात.

७. निष्कर्ष लिहा

प्रश्नाचे चारही भाग, माणसांतला फरक, कक्षा, अपाय, शोधाची तारीख, आणि पुराव्यावर किती भरवसा: उच्च, मध्यम, कमी की अत्यंत कमी. चाचण्यांचा पुरावा ‘उच्च’पासून सुरू करा आणि सदोष आखणी, परस्परविरोधी निकाल, रुंद कक्षा, वेगळ्याच प्रकारचे रुग्ण किंवा दडलेले निकाल दिसतील तसा एकेक पायरी खाली आणा. हा कागद डॉक्टरांकडे नेताना एक ओळ आणखी जोडा: चाचणीतल्या रुग्णांपेक्षा आपलं वय, इतर आजार आणि चालू औषधं कुठे वेगळी आहेत. चालू औषध मात्र या कागदाच्या भरवशावर परस्पर बंद करू नका; काही औषधं अचानक थांबवल्यानेच त्रास उद्भवतो.