वाफसा येईपर्यंत थांबा: सोलापूरच्या रानवाटांवर गाडी घालताना

नवी फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) घेतलेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, टायर कुठले टाकू?" मी त्यांना विचारतो, शेवटचं ढेकूळ हातात कधी घेतलं होतंस? प्रश्न विचित्र वाटतो खरा, पण आपल्या जिल्ह्यात गाडी रानात घालायची तर सुरुवात तिथूनच होते.

मी ते शिकलो एका सप्टेंबरमध्ये, मंगळवेढ्याकडं, भीमेच्या काठी. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा परतीचा. म्हणजे बाकी महाराष्ट्रात पाऊस उरकत आला की इथलं रान भिजतं. दोन दिवस उघडीप होती, ऊन कडक होतं, गाडीवाट वरून पांढरी पडलेली दिसत होती. माझी जुनी बोलेरो, मागच्या चाकांवर चालणारी. न उतरता मी ती सरळ आत घातली. पन्नास पावलं गेलो असेन. टायरच्या नक्षीत काळी माती भरली आणि चाकं तुळतुळीत लाडवासारखी झाली. मी ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागेवर फिरली, गाडी खाली बसली. आणखी दाबला, तर मागचा एक्सल मातीला टेकला. जॅक लावायला गेलो तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली गेला.

शेजारच्या रानातले एक आजोबा आले. गाडीकडं त्यांनी पाहिलंच नाही. टाचेनं वरचा पापुद्रा उकरला, चार बोटं खालची माती घेतली, मुठीत दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला. गोळा तसाच राहिला.

"मालक, वाफसा नाय की ओ आला अजून. ह्यो गोळा फुटला पायजे. मग बैल बी चालतंय आन् गाडी बी."

वाफसा म्हणजे मातीत ओल आहे पण चिकटपणा उरलेला नाही अशी स्थिती. पेरणीच्या आधी शेतकरी हीच परीक्षा करतो. तेव्हापासून मी ती परीक्षा करूनच काळ्या रानात चाक घालतो. गोळा फुटला तर जायचं, नाही फुटला तर दुसरी वाट किंवा दुसरा दिवस. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, चिकट होते. उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्या चिकणीत भारीतले टायरसुद्धा थोड्या वेळात भरून जातात. मुरमाड वाटेचं तसं नाही. मुरमातून पाणी निचरून जातं, पावसानंतर दुसऱ्या दिवशीही तो चाकाला धरतो. म्हणून पहिले सहा महिने मुरमावरच शिका.

त्या दिवशी ट्रॅक्टर आला, टोचन केलं, पण मी साखळी बंपरला अडकवली होती. गाडी निघायच्या आधी बंपर निघाला. टोचनासाठी चासीला जोडलेला मजबूत हूक लागतो. तो आपल्या गाडीला पुढं-मागं कुठं आहे ते घरीच खाली वाकून बघून ठेवा. मागं ट्रॉली जोडायचा जो गोळा असतो त्याला झटक्याचा दोर कधीच लावू नका. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. दोर ताणला की माणसं दोराच्या लांबीहून जास्त अंतरावर पाहिजेत, आणि दोराच्या मधोमध काहीतरी जड टाकलेलं पाहिजे, म्हणजे तुटला तरी उसळी न घेता खाली पडतो. मी आपली सोलापुरी चादर टाकतो, पाण्यात भिजवून. जड होते, दोरावरून सरकत नाही, आणि रात्री वाळली की पांघरायलाही होते.

सामानाबद्दल थोडक्यात. फावडं, पहार, जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस जाड फळी, टोचनाचा दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), हवेचा छोटा कॉम्प्रेसर, पंक्चरचं किट आणि जमलं तर दोन स्टेपन्या. दोन यासाठी, की आपल्या ओढ्यांच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे. तिचा काटा टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला तर किटमधल्या, भोकात ठोसायच्या रबरी वातीचा उपयोग नाही. ती वात जमिनीला टेकणाऱ्या भागातल्या भोकालाच चालते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा माणशी पाच-सहा लिटर पाणी, वर गाडीसाठी वेगळं. जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दोन दिवस काही होत नाही, चूल पेटवावी लागत नाही.

टायरमधली हवा कमी करणं नव्यांना भीतीचं वाटतं. रोज 32-33 पीएसआय असेल तर वाळूत 20 च्या आसपास आणा. टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी रुतायच्या ऐवजी वरून चालते. 15 च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची. तसंच फोर व्हील घातलेलं असेल तर कोरड्या डांबरावर काढायचं, नाहीतर वळताना सगळा ताण गिअरवर येतो. 4 लो, म्हणजे फोर व्हीलचा सर्वात सावकाश चालणारा गिअर, हा जोर दाखवायचा गिअर आहे असं पुष्कळांना वाटतं. मी तो सावकाश उतरण्यासाठी जास्त वापरतो : इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय लागत नाही.

आता पाणी. इथं मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. महिंद्राच्या थार गाडीच्या कागदावर 650 मिलिमीटर पाण्यातून जाते असं लिहिलेलं आहे. तो आकडा खरा, पण वाहत्या ओढ्याची ओढ आणि तळाचे खड्डे त्यात धरलेले नाहीत. आधी काठी घेऊन स्वतः चालत पलीकडं जा. स्वतःला उभं राहता येत नसेल तिथं गाडीही उभी राहणार नाही. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवू नका. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं.

भीमेच्या पात्रात तंबू ठोकू नका, भर एप्रिलमध्येसुद्धा. वर उजनी धरण आहे. तिथून नदीत पाणी सोडतात. संध्याकाळी कोरडं असलेलं पात्र सकाळी भरलेलं असू शकतं. शिवाय वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत.

माळरानाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. त्या हद्दीत गाडी घालायची नाही हे उघड आहे, वन्यजीव कायदा 1972 पासून आहे. पण हद्दीबाहेरचा मोकळा माळही मोकळा नसतो. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, बहुतेक वेळा एकच. टिटवी, धाविक, चंडोल सगळे जमिनीवर. एकदा ठरलेली चाकोरी सोडून मी दहा फूट बाजूला गाडी उभी केली. उतरलो तर पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी होती, खड्यांसारखीच ठिपक्यांची. तेव्हापासून पडलेली चाकोरी मी सोडत नाही. वाळल्या गवतातून गेलात तर थांबल्यावर खाली वाकून बघा : सायलेन्सरला गवत अडकलं तर पेट घेतं, आणि कुसळं रेडिएटरच्या जाळीत बसून गाडी तापवतात.

घरी आल्यावर रिमच्या आतल्या बाजूची माती धुऊन काढा. वाळून दगड होते आणि दुसऱ्या दिवशी साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक अलाइनमेंटला पैसे घालवतात.

पहिली फेरी कुठं? हत्तरसंग कुडल. विजापूर रस्त्यानं मंद्रूपवरून, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 चा मराठी शिलालेख आहे. खाली भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात. मुख्य रस्ता चांगला आहे. आजूबाजूच्या गाडीवाटा शिकण्यासाठी. बांध कुणाचा आहे ते विचारून जा, ज्वारी उभी असेल तर जाऊच नका. दोन गाड्या पाहिजेतच, एकट्यानं कधी नाही. दिवाळी झाल्यावर, पहाटे सहाला निघून. आणि काळं रान लागलं की गाडी बंद करा, उतरा, चार बोटं उकरा, गोळा करून खाली सोडा.