एच-४ हेडलाइटचा उजेड वाढवायचाय? नवा बल्ब घेण्याआधी एवढं बघा

आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅक गाड्यांत अजूनही एच-४ हॅलोजन बल्ब असतो. एकाच बल्बात दोन फिलामेंट, अप्परला ६० वॉट आणि डिपरला ५५ वॉट. उजेड कमी वाटला की दुकानात सरळ ‘१००/९०’ वॉटचा बल्ब मागितला जातो, आणि दुकानदारही तो काढून देतो. ही खरेदी टाळा. उजेड वाढवण्याचे याहून चांगले मार्ग आहेत आणि त्यांतला पहिला तर बल्बशी संबंधितच नाही.

आधी हेडलाइटची काच बघा. हल्ली ती काच नसून पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असते आणि काही वर्षं उन्हात उभी राहिली की पिवळी, धुरकट होते. अशा काचेमागे कितीही महागडा बल्ब लावला तरी उजेड रस्त्यावर न पडता काचेतच विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासा, पॉलिश करा आणि वरून यूव्ही संरक्षक थर द्या. हा शेवटचा थर दिला नाही तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते.

दुसरी तपासणी व्होल्टेजची. हीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. एच-४ चे प्रमाणित आकडे १३.२ व्होल्टला अप्पर सुमारे १६५० आणि डिपर सुमारे १००० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) असे आहेत. होल्डरपाशी (बल्बमागच्या कनेक्टरपाशी) १२ व्होल्टच पोहोचत असतील तर त्यातला पाव हिश्शाहून जास्त उजेड वाटेतच गेलेला असतो. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा, कनेक्टर बल्बलाच जोडलेला ठेवून त्याच्या मागून मल्टीमीटरच्या पिना टेकवा. बॅटरीवर १४ आणि होल्डरवर १३.५ असेल तर उत्तम. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर दोष वायरिंगचा. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन होल्डरच्या अर्थला लावून बघा. ०.२ व्होल्टहून जास्त दाखवत असेल तर अर्थचा स्क्रू गंजलेला आहे. तो खोलून घासून पुन्हा घट्ट बसवला की पैसे न घालता उजेड वाढतो. ही मोजणी सगळ्याच गाड्यांत अशी सरळ लागू होत नाही, कारण काही जपानी वंशाच्या गाड्यांत स्विच निगेटिव्ह बाजूला असतो. तिथे अर्थची वायर समजून भलतीच वायर मोजली जाते. रिले किट (स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट बल्बला जोडणारी कळ) किंवा एलईडी घेतानाही ही गोष्ट आधी तपासून घ्यावी लागते.

आता १००/९० का नको ते. ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॉटचा ८.३. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत जवळजवळ पावणेतीन पट ताप. आधी प्लास्टिकचा होल्डर तपकिरी पडतो, मग टर्मिनल सैल होतात, मग स्टिअरिंगवरच्या स्विचचे पॉइंट जळतात. बल्बच्या जादा आचेने रिफ्लेक्टरचा चकचकीत थर काळवंडतो, आणि तो पुन्हा नीट होत नाही, पूर्ण हेडलाइट बदलावी लागते. फ्यूज उडतो म्हणून कुणी मोठा फ्यूज टाकून देत असेल तर थांबवा. वायर वाचवणं हेच त्या फ्यूजचं काम आहे.

रिले किट मात्र ६०/५५ बल्बलाही उपयोगी पडतं. अप्पर आणि डिपरला एकेक रिले, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सिरॅमिक होल्डर. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा सप्लाय, ८७ ला बल्ब, आणि ८५-८६ वर गाडीची जुनी हेडलाइटची वायर व अर्थ. स्विचवरचा भार उतरतो आणि बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

एवढं झाल्यावर बल्ब निवडा. जुन्या बल्बच्या धातूच्या बुडावर कोड छापलेला असतो, मॅन्युअलमध्येही असतो. एचएस-१ हा दुचाकीचा ३५/३५ वॉटचा बल्ब दिसायला एच-४ चा जुळा भाऊच, म्हणून दिसण्यावर न जाता कोड वाचून घ्या. ओस्राम, फिलिप्स यांसारख्या कंपन्यांचे ‘+१००’, ‘+१३०’ (म्हणजे तेवढे टक्के जास्त उजेडाचा दावा करणारे) बल्ब ६०/५५ वॉटचेच असतात. फिलामेंट जास्त तापवून आणि ते नेमक्या जागी बसवून रस्त्याच्या ठरावीक भागावर उजेड वाढवलेला असतो. ‘पर्यंत’ हा शब्द पाकिटावर असतोच, तो वाचा. त्या बदल्यात आयुष्य बरंच कमी होतं, म्हणून रात्रीचा प्रवास रोजचा असेल तर ‘+३०’ परवडतो. निळी काच टाळा. ती पिवळा उजेड गाळून पांढरेपणा देते, म्हणजे एकूण उजेड कमीच होतो, आणि पावसाळ्यात घाटात ओल्या डांबरावर रस्ता दिसणं आणखी अवघड होतं.

एलईडीबद्दल स्पष्ट सांगायचं तर हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बहुतेक एलईडी चकाकी वाढवतात. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती रिफ्लेक्टरचा खालचा भाग झाकते आणि त्यामुळे उजेडाची वरची कड तयार होते. एलईडीची चिप त्या जागेवरून मिलिमीटरभर सरकली तरी ही कड विस्कटते. शिवाय भारतात हेडलाइट तिच्या बल्बसकट मंजूर झालेली असते, म्हणून अशी अदलाबदल कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीची ठरते. एचआयडी (झेनॉन दिव्यांच्या) किटचं तर तेच, जास्त प्रमाणात.

बसवताना दिवे बंद करा, बल्ब गार होऊ द्या. कनेक्टर ओढून काढा, रबरी टोपी सोडवा, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करा. एच-४ ला तीन कान असतात, रुंद कान वर येतो. काचेला बोट लावू नका. तेलकट डागावर उष्णता साठून बल्ब फुटू शकतो. चुकून लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी टोपी चहूबाजूंनी नीट बसली नाही तर आत पाणी शिरतं. दोन्ही बल्ब एकदम बदला, नाहीतर दोन बाजूंचा रंग वेगळा दिसतो.

शेवटी दिशा. टायरची हवा बरोबर, ड्रायव्हर जागेवर, लेव्हलचं चाक (हेडलाइटचा झोत वर-खाली करणारं, ड्रायव्हरजवळचं) शून्यावर. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. हेडलाइटच्या वर झोताच्या उताराचा आकडा लिहिलेला असतो. तो १.२ टक्के असेल तर ५ मीटरला डिपरची कड बल्बच्या उंचीपेक्षा ६ सेंटिमीटर खाली यायला हवी. आपल्याकडे कड डावीकडे वर चढते. उजवीकडे चढत असेल तर हेडलाइटच उजव्या बाजूच्या वाहतुकीची आहे आणि स्क्रू फिरवून ती सुधारत नाही. मागे चार माणसं आणि सामान असताना लेव्हलचं चाक वाढवायला विसरू नका.