गुडघा बदलल्यावर घरातला जिना कसा चढावा, कसा उतरावा

आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर झोपायच्या खोल्या, त्यावर गच्ची. मधला जिना अरुंद, उभा, काळ्या कडप्प्याचा. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं, तेव्हा घरात जास्त बोलणं त्या जिन्याचंच झालं. डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी जे शिकवलं आणि पुढचे तीन महिने आम्ही जे केलं, ते इथे लिहितो. तुमच्या फिजिओथेरपिस्टनी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

तयारी ऑपरेशनच्या आधी

मोबाइलवर आपल्या जिन्याचा व्हिडिओ काढा, एका पायरीची उंची टेपने मोजा, कठडा कोणत्या हाताला आहे ते बघा आणि हे सगळं फिजिओथेरपिस्टना दाखवा. दवाखान्यातून सोडण्याआधी ते सहसा पायऱ्या चढायला शिकवतात, पण तिथल्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या असतात. जुन्या घरातली नऊ इंचांची पायरी त्यांना कळलीच नाही, तर ते तुम्हाला त्यासाठी तयार कसे करणार?

कठडा हलत असेल, तर वेल्डरला आधीच बोलवा. जमलं तर भिंतीच्या बाजूलाही पाइप बसवून घ्या आणि तो शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत येऊ द्या. पाइप पायरीआधीच संपला, तर नेमकं शेवटचं पाऊल टाकताना हात रिकामा राहतो. काळ्या कडप्प्याची कड संध्याकाळी दिसत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी खरखरीत टेप लावली. दिवा वरून आणि खालून, दोन्हीकडून लागेल असा करून घेतला. लाइट गेली तरी चालू राहील असा चार्जिंगचा बल्बही लावला. उन्हाळा असेल, तर कूलरमध्ये पाणी भरायचा पाइप जिन्यावरून नेऊ नका. ओली पायरी आणि आडवा पाइप, दोन्ही घात करतात.

नियम एकच

चढताना चांगला, उतरताना ऑपरेशनचा. आईने हे पहिल्या दिवशी पाठ केलं आणि प्रत्येक पायरीला पुटपुटायची.

कारण समजलं की नियम विसरत नाही. चढताना जो पाय आधी वर जातो, तो सगळं शरीर उचलतो, म्हणून तिथे ताकदीचा पाय हवा. उतरताना मात्र वर राहिलेला पाय वाकून अंगाचं वजन हळूहळू खाली सोडतो. म्हणून चांगला पाय वर ठेवायचा आणि ऑपरेशनचा आधी खाली टेकवायचा. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू बराच अशक्त होतो, आणि उतरताना काम त्याच स्नायूचं असतं. त्यामुळे बहुतेकांना चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं.

चढताना

एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी. सपाट जमिनीवर काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात असते. जिन्यावर आधी कठडा, मग जो हात मोकळा राहील त्यात काठी. चांगला पाय वर, मग ऑपरेशनचा पाय त्याच पायरीवर, मग काठी. थांबा, श्वास घ्या, पुढची पायरी.

उतरताना

आधी काठी खाली, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पूर्ण पाऊल पायरीवर टेकलं पाहिजे, टाच अधांतरी नको. घाई झाली की माणूस पुढे झुकतो आणि तोल जातो.

वॉकर जिन्यावर नेऊ नका. आम्ही आणखी एक भाड्याने आणला, म्हणजे एक वर आणि एक खाली झाला.

सोबतीच्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला राहावं. चढताना मागे एक पायरी खाली, उतरताना पुढे एक पायरी खाली, थोडं ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला. आपला एक हात कठड्यावर ठेवावा आणि दंड धरून ओढू नये. आई मला रागवायची, "काहून पकडून राहिला रे, पडत नाही ना मी!" तरी पहिले काही आठवडे मी तिला एकटीला जाऊ दिलं नाही, आणि तुम्हीही जाऊ देऊ नका.

उंबरठा आणि ओट्याच्या दोन पायऱ्या लोक मोजतच नाहीत. तिथे कठडाही नसतो. नियम तिथेही तोच.

पायात मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी. नुसते मोजे घालून संगमरवरावर किंवा कडप्प्यावर चालू नका. निऱ्या पायात येतात, म्हणून आईने दोन महिने घोट्याच्या वर राहील असा गाऊन वापरला. हात मोकळे राहावेत म्हणून चष्मा, मोबाइल, औषधं गळ्यातल्या झोळीत.

किती वेळा?

सुरुवातीला दिवसातून एकदा खाली, एकदा वर, एवढंच ठेवलं. पाण्याचा थर्मास वरच होता. वर गेल्यावर पाय उंचावर ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावायचा. उशी टाचेखाली घ्या. गुडघ्याखाली घेतली की बरं वाटतं, पण गुडघा वाकलेला राहून सरळ व्हायला वेळ लागतो. गुंगी आणणारी गोळी घेतली असेल किंवा चक्कर येत असेल, तर जिना नको.

पोटरी अचानक दुखली किंवा सुजली, जखमेतून पाणी यायला लागलं, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

एका पायरीवर एकच पाऊल टाकत चढणं साधारण दीड ते तीन महिन्यांत जमू लागतं, पण ते फिजिओथेरपिस्टनी बघून सांगावं. कठड्याला ओढून घेत वर जावं लागत असेल, तर अजून वेळ आहे. उतरताना तसं जमणं सगळ्यात शेवटी येतं.

एप्रिलमध्ये आई सकाळीच, ऊन चढायच्या आत, कुरडया बघायला गच्चीवर गेली. पराती आम्ही आधीच वर नेल्या होत्या, खुर्चीही. चढताना तिने एकेक पायरीला एकच पाऊल टाकलं. उतरताना मात्र पुन्हा पुटपुटणं ऐकू आलं, आणि उजवा पाय आधी.