कापसाच्या पैशातून सिंह: जोडीनं पहिली आफ्रिकन सफारी कशी आखावी

"वाघ तं आपल्या वावरातच येते, मंग सिंह पाहाले इतका पैसा कायले?" केनियाचं नाव काढल्याबरोबर बायकोनं विचारलं. चिमूर तालुक्यात, ताडोब्याच्या बफरला लागून आमचं वावर आहे. रात्री जागलीला जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. त्याचं उत्तर तिला तिथं गेल्यावर आपोआप मिळालं. ताडोब्यात बांबूच्या आडून दोन मिनिटं पट्टे दिसले तरी दिवस सार्थकी लागतो. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात मोकळ्या माळावर सिंहीण दबा धरते, सरकते, चुकते आणि पुन्हा बसते, ते सगळं डोळ्यांसमोर होतं.

आधी घरची जिप्सी करा. शेजारी राहूनही आम्ही दोघं कधी ताडोबा सफारीला गेलो नव्हतो. आफ्रिकेचे पैसे भरण्याआधी एक फेरी कराच, फक्त मंगळवार आणि पावसाळा सोडून. चार तास गाडीत बसून कोणाची कंबर धरते, कोण कंटाळतं, हे तिथंच कळतं. आफ्रिकेत दिवसाचे सहा-आठ तास गाडीत जातात. घरी आल्यावर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, काय पाहायचं आहे ते. माझ्या कागदावर सिंह निघाला, तिच्या कागदावर हत्ती. प्रवासाचा मार्ग त्यावरूनच ठरला.

मग महिना ठरवा. सगळा खर्च आणि निम्मं सुख इथं ठरतं. जाहिरातीत दिसतात त्या वाइल्डबीस्ट नावाच्या, गुरांसारख्या दिसणाऱ्या रानटी जनावरांच्या झुंडी साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात, तेव्हाच त्या नदी ओलांडतात. पण आपल्याकडे तेव्हा निंदण, डवरण, फवारणी, पोळा आणि लगेच सोयाबीनची सोंगणी. वावर टाकून कोण जाईल? शिवाय नदीकाठी तासन् तास बसूनही कळप पाण्यात उतरेलच असं नाही.

माझं मत फेब्रुवारीचं. तूर निघालेली असते, पराटीवर शेवटची वेचणी उरते, हातात पैसा असतो. केनियात नोव्हेंबरच्या आसपास छोटा पाऊस आणि मार्च ते मे मोठा, त्यामुळे मधले जानेवारी-फेब्रुवारी बऱ्यापैकी कोरडे. झुंडी त्या वेळी टांझानियात, दक्षिण सेरेंगेटीत वितात. मारातले सिंह मात्र कुठं जात नाहीत. प्रवेश फीसुद्धा पाहा: मारात परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. दोघांचे तीन दिवस धरले तर नुसत्या फीतच ६०० डॉलरचा फरक. दर बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी पुन्हा विचारून घ्या.

ठिकाणं दोनच घ्या. मारात तीन रात्री, केनियातल्याच अंबोसेली पार्कात दोन, राजधानी नैरोबीत एक. नैरोबीहून मारा गाडीनं पाच-सहा तास. अंबोसेलीत हत्ती, आणि पहाटे ढग यायच्या आत मागं किलीमांजारो दिसतो. ५,८९५ मीटरचा हा डोंगर उभा आहे टांझानियात, पण त्याला न्याहाळायला केनियाची बाजूच छान. सेरेंगेटी, झांझिबार सगळं एकाच फेरीत कोंबलं तर आठवणीत रस्ताच राहील.

गाडीचं लेखी घ्या. आमची ठेच इथं लागली. एजंट फोनवर म्हणाला, "खिडकी पक्की." तिथं व्हॅनमध्ये सात जण निघाले, आणि बायकोनं दोन दिवस सिंह पाहिला तो दुसऱ्याच्या खांद्यावरून. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. गाडीत किती माणसं, लँड क्रूझर की व्हॅन, पार्कची फी धरली आहे का, मुक्काम गेटच्या आत की बाहेर, हे चार मुद्दे कागदावर आल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वतंत्र गाडी महाग पडते. मी एक रात्र कमी करीन, पण गाडी स्वतंत्रच घेईन. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटानं आगाऊ घेतलेला आयकर, कापतात. तो आयकर विवरणपत्र भरून वळता करून घेता येतो, पावती जपा.

कागदपत्रं. पासपोर्टची मुदत केनियात उतरल्याच्या दिवसापासून निदान सहा महिने हवी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, तिकीट आणि लसीच्या कार्डावर एकच नाव, एकाच स्पेलिंगनं असू द्या. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाचं ऑनलाइन परवानापत्र, सुरू केलं, ते दोघांचं वेगवेगळं काढावं लागतं. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, म्हणून वार आणि वेळ फोन करून विचारा. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा साठी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.

बॅग. आपण चिवडा, शंकरपाळे, ठेचा सगळं पन्नीत बांधतो. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, म्हणून डबे आणि कापडी पिशव्या घ्या. मारा पंधराशे मीटरच्या वर आहे. पहाटे आपल्या डिसेंबरातल्या जागलीसारखी थंडी वाजते, तेव्हा स्वेटर, कानटोपी घ्याच. गडद निळे-काळे कपडे घरीच ठेवा, त्सेत्से नावाच्या चावऱ्या माश्या त्या रंगांवर येतात. दुर्बिणी दोन घ्या. एकीवर भागेल असं मला वाटलं होतं, आणि बिबट्या झाडावरून उतरला तेव्हा ती माझ्या हातात होती. तो विषय आमच्या घरी अजून निघतो.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी असाल तर बुकिंगमध्येच लिहून द्या. तिथल्या स्वाहिली भाषेत चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय.

परतताना लसीचं पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. माझं कार्ड खिशात होतं. बायकोचं स्वेटरच्या घडीत, मोठ्या बॅगेत. बॅग पट्ट्यावर येईपर्यंत आम्ही दोघं कार्ड तपासणीच्या टेबलापाशी उभे होतो.